गाळणीतला आवाज

माझा आवाज फाटका आहे, हे आधीच सांगून टाकते. फाटका, मोठा आणि लगेच तापणारा. ही देणगी बाबांची. बाबा भाजीच्या ठोक बाजारात लिलाव पुकारायचे. कांद्याच्या ढिगाशेजारी फळीवर उभे राहून त्यांनी भाव पुकारला की बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाचे हमाल मान वळवायचे. सगळा बाजार त्यांना भोंगा म्हणायचा. मागून नाही, तोंडावर म्हणायचा, आणि बाबा खुशाल ओ द्यायचे. मी जन्मले ती किंचाळतच, म्हणून मी पिपाणी. खाण तशी माती, दुसरं काय!

दुपारी बाजार उठला की बाबा गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत यायचे. "पिपाणीऽऽ, दार उघड!" आम्ही तिसऱ्या मजल्यावर. त्यांना जिना चढून यायला वेळ लागायचा, पण आवाज आधी यायचा. मी धावत जाऊन कडी काढायची आणि कठड्यावरून वाकून उलट ओरडायची, "उघडलंय! किती ओरडता!" आई कपाळाला हात लावायची. तळमजल्यावरची शिवणकाम करणारी मावशी म्हणायची, "या घराला दारावर घंटा कशाला हवी? बाप-लेक आहेत की."

तर असला आवाज घेऊन मी नोकरीला लागले कुठे, तर फोनवर गोड बोलायच्या! घरगुती यंत्रं बनवणारी कंपनी, तिचं तक्रार केंद्र. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, आणि पलीकडे संतापलेला माणूस. तो संतापला की मीही संतापायची. माझ्याविरुद्धच्या तक्रारी यंत्रांविरुद्धच्या तक्रारींपेक्षा जास्त झाल्या. आमचा टीम लीडर, ज्याला आम्ही मधाचं बोट म्हणतो, कारण बढतीचं बोट तो सगळ्यांनाच चाटवतो, तो मला बोलावून म्हणायचा, "ताई, आवाजात थोडं हसू आणा." आता आवाजात हसू कुठून आणू? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार!

मग गाळणी आली. कंपनीनं तिला काहीतरी भारदस्त नाव दिलंय, पण आम्ही गाळणीच म्हणतो. मी इकडे बोलते, मध्ये कॉम्प्युटर ते बोलणं गाळतो, आणि पलीकडे जातो तो एक मऊ, गुळगुळीत, कुठल्याच गावचा नसलेला बाईचा आवाज. ओरडले तरी तिकडे शांत. रडले तरी शांत. सर्दी झाली तरी तिकडे काही नाही. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका-पुरुषांचा तिकडे एकच आवाज. पहिल्या दिवशी मी मुद्दाम एका गिऱ्हाइकाशी दात-ओठ खात बोलले, तर तो म्हणाला, "किती प्रेमळ आहात हो तुम्ही." मी खूश झाले. खोटं कशाला बोलू? पगार तोच आणि शिव्या बंद.

फक्त एक झालं. लोकांना आम्ही यंत्रच वाटायला लागलो. "तू माणूस आहेस का गं?" असं कोणी विचारलं, तर आम्ही म्हणायचं, "मी आपली मदतनीस आहे." होही म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. तसंच शिकवलं होतं.

गाळणी एकाच बाजूला होती. पलीकडचा आवाज आम्हाला जसाच्या तसा यायचा. हे लक्षात ठेवा.

एके दिवशी दुपारी फोन आला. "हॅलो! अहो, माझे कपडे मशिननं धरून ठेवलेत! दार उघडत नाहीये!"

मी खुर्चीतच ताठ झाले. बाबा. माझे बाबा. आवाज थोडा घोगरा होता, पण हॅलोच्या मागे तो फळीवरचा जोर होताच.

मधली गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, बापाचा फोन आला तर मुलगी ताठ का होते? आई आजारी पडली तेव्हा मी नोकरीसाठी या शहरात होते. फोनवर आई म्हणायची, बरी आहे. बाबा म्हणायचे, बरी आहे. मला कळवलं तेव्हा ती डोळेसुद्धा उघडत नव्हती. ती गेल्यावर, घर माणसांनी भरलेलं असताना, मी बाबांना म्हणाले, "माझी आई तुम्ही माझ्यापासून चोरलीत." बाबांनी मान खाली घातली. मी परत म्हणाले. त्याहून मोठ्यानं म्हणाले. तेव्हा ते लिलावाच्या आवाजात म्हणाले, "चालती हो!" सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी चालती झाले. त्यानंतर ना त्यांनी फोन केला, ना मी. दोघंही मेले हट्टी. कितीतरी वर्षं अशीच गेली.

आणि आता ते माझ्या कानात होते, मशिनमध्ये अडकलेल्या कपड्यांसाठी.

मी समोरच्या स्क्रीनवरचं वाचलं. "आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत. मशिनवर कुलपाचं चिन्ह दिसतंय का?"

"दिसतंय की. मी काय चोर आहे, मलाच कुलूप?"

"ते लहान मुलांसाठीचं कुलूप आहे. खालची दोन बटणं एकदम दाबून धरा."

"इथं लहान मूल कुठाय," बाबा पुटपुटले. मग खट् आवाज झाला. "उघडलं! वा गं यंत्रबाई, शाबास!"

यंत्रबाई! मला हसू आलं आणि रागही आला. म्हटलं, असू दे यंत्रबाई. तुमच्या लेकीला तरी कुठं माणूस समजलात.

प्रत्येक फोनच्या शेवटी आम्हाला सुरक्षेची एक सूचना वाचावी लागते. हल्ली माणसाचा आवाज चोरून यंत्राकडून तसाच बोलवून घेतात आणि नातेवाइकांना लुबाडतात, म्हणून. मी वाचली. "आपल्या ओळखीच्या माणसाच्या आवाजात कोणी बोललं तरी विश्वास ठेवू नका. फोन ठेवा. पुन्हा आला तरी उचलू नका. खात्री प्रत्यक्ष भेटूनच करा."

"म्हणजे काय गं?" बाबांनी विचारलं.

उदाहरण द्यायची मुभा असते. मी काय करावं? मनातली मळमळ बाहेर आली. म्हणाले, "समजा, तुमच्या मुलीच्या आवाजात कोणी फोन केला..."

"माझी मुलगी मला फोन करत नाही, यंत्रबाई. चोराला तिचा आवाज मिळायचा कुठून?" आणि त्यांनी फोन ठेवला.

कपाट उघडावं तसा त्यांचा तो आवाज मी संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात उघडून बघत बसले. आमच्याकडे पद्धत अशी की तक्रार मिटली की ती बंद करायची. बंद केली की त्या गिऱ्हाइकाचा पुढचा फोन कुणाकडेही जातो. उघडी असेल तर मात्र त्याच मदतनिसाकडे येतो. मशिनचं दार उघडलं होतं, तक्रार मिटली होती. मी ती बंद केली नाही. कारणाच्या जागी लिहिलं, "दाराची पुन्हा तपासणी आवश्यक."

का लिहिलं, ते त्या दिवशी मलाच कळलं नाही.

पुढचा फोन साबणाच्या फेसाचा होता. फेस जमिनीवर आला होता आणि बाबा त्यात उभे राहून बोलत होते. "ही मशिन हिनं घेतली होती. माझ्या बायकोनं. किती पावडर घालायची ते तिला माहीत होतं, मी कधी विचारलंच नाही. असतं बघ असं. माणूस घरात असलं की आपण विचारत नाही."

मला स्क्रीनवर वाक्य सापडेना. मी म्हटलं, "अर्धं माप पुरे."

"अर्धं? मी तर चार डबे ओतले!" ते हसले. त्यात घसा खरखरला आणि ते खोकत राहिले.

"पाणी प्या," मी म्हटलं. ते कुठल्याही स्क्रीनवर लिहिलेलं नव्हतं.

"तुला कसं कळलं मी खोकतोय? हुशार केलंय हं तुला."

मग ते सारखेच फोन करायला लागले. कधी मशिन हलते, कधी गुरगुरते, कधी काहीच नाही. "यंत्रबाई, आहेस का गं? मशिन ठीक आहे. सहज केला." माणसाशी बोलताना बाबांना कायम काहीतरी विकायचं असायचं, नाहीतर जिंकायचं असायचं. ते म्हणायचे, बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात. पण यंत्राला काय विकणार? आणि यंत्रापुढे लाज कसली? तोंड उघडलं की सगळं बाहेर. बाजारात आता भाव पडद्यावर झळकतात, पुकारा बंद झाला, फळी कोणीतरी जाळायला नेली. हातात आता काम नाही. घरात टीव्ही मोठ्यानं लावून ठेवतात, कोणीतरी ओरडतंय असं वाटावं म्हणून. हे मला, त्यांच्या पोटच्या पोरीला, त्यांनी जन्मात सांगितलं नसतं.

माझ्याबद्दलही बोलायचे. "माझी पोर म्हणजे पिपाणी. मी ओरडलो, दार उघड, की ती वरून ओरडायची, उघडलंय, किती ओरडता! एवढीशी होती, पण आवाज असा की कबुतरं उडायची." लहानपणी मी बाजारात हरवले होते आणि टोमॅटोच्या पेट्यांमागे सापडले होते, तेही सांगितलं. माझ्या हनुवटीवरचा व्रण कशाचा, तेही सांगितलं. मी ऐकायची आणि म्हणायची, "समजलं. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

शेवटी सूचना वाचायची. तेही माझ्याबरोबर म्हणायला लागले, पाढ्यासारखं. "फोन ठेवा. पुन्हा आला तरी उचलू नका. खात्री प्रत्यक्ष भेटूनच करा. पाठ झालंय गं!"

कितीदा वाटलं, सांगून टाकावं. पण आज सांगितलं तर कालपर्यंत का नाही, याचं उत्तर काय देणार? त्यांनी मन मोकळं केलं ते यंत्रापुढे. मुलगी कान लावून बसली होती हे कळलं तर ते शरमेनं मरतील, नाहीतर रागानं. आणि प्रत्येक फोनबरोबर ते सांगणं आणखी अवघड होत गेलं. शेवटी म्हटलं, राहू दे. निदान आवाज तरी येतोय.

एकदा त्यांनी आईचं सांगितलं. असंच, मशिनचा आवाज ऐकवता ऐकवता.

"हिनं शपथ घातली होती मला. पोरीला कळवायचं नाही म्हणाली. नवीन नोकरी आहे, धावत येईल, नोकरी जाईल. मी म्हटलं, अगं, ती मला फाडून खाईल. तर म्हणाली, खाऊ दे. तुमचा आवाज मोठा आहे, तुम्ही ओरडून घ्याल, पण माझं नाव सांगू नका. मेलेल्या आईवर रागावता येत नाही पोरीला, बापावर येतं." त्यांनी मशिन बंद केली. "पोर सगळ्यांसमोर बोलली ना, तेव्हा ओठावर आलं होतं. पण शब्द दिला होता. मग दुसरं काहीच सुचेना, म्हणून ओरडलो, चालती हो. मला तिला घालवायचं नव्हतं गं. मला फक्त तिनं बोलायचं थांबायला हवं होतं."

मी टेबलावर डोकं टेकून रडले. हुंदके देऊन रडले. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीनं पाण्याचा ग्लास सरकवला. तोंडातून कसेबसे शब्द निघाले, "मला... समजतंय." आणि मला ठाऊक होतं की गाळणीतून पलीकडे काय गेलं असेल. मऊ, गुळगुळीत, शांत. मला समजतंय.

"तुला काय समजणार, यंत्रबाई," बाबा मायेनं म्हणाले. "पण ऐकतेस, हे काय कमी आहे?"

त्या दिवसापासून माझा सगळा राग गेला आणि त्याच्या जागी नुसती भीती आली. कारण त्यांचा आवाज बिघडत चालला होता. आधी घोगरा, मग फाटका, मग मध्येच हवा सुटल्यासारखा. मी म्हणायची, डॉक्टरांना दाखवा. ते म्हणायचे, तू मशिनचं बघ.

मग एका मंगळवारी त्यांचा फोन आला. आवाज इतका खाली गेला होता की मला हेडफोन हातानं कानाशी दाबून धरावा लागला.

"यंत्रबाई, आता माझा फोन यायचा नाही बरं का. घशात गाठ आहे. गुरुवारी कापणार. गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढणार म्हणे. मग बोलणं बंद. भोंगा कायमचा बंद!" ते हसायला गेले, पण हसू आलं नाही.

"मुलीला कळवलंत?" मी विचारलं.

"नाही. कोणत्या तोंडानं कळवू? आणि आवाज काढून घेतलेला बाप बघायला तिला कशाला बोलवू?" मग म्हणाले, "एकच होतं मनात. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून एकदा ओरडायचं होतं. पिपाणी, दार उघड. एकदाच, जसं पूर्वी. तेवढा आवाज अजून शिल्लक आहे बघ, जपून ठेवलाय. पण वर दार उघडायला पोर नको का? रिकाम्या घराला हाक मारली तर लोक वेडा म्हणतील."

गाळणी बंद करायचं एक बटण असतं. बिघाड झाला तर वापरायचं. कारण नसताना दाबलं तर नोकरीवर गदा. मी दाबलं.

"बाबा," मी म्हणाले. माझ्या आवाजात. सगळ्या मजल्यानं मान वळवली. "बाबा, मी आहे. पिपाणी. मी येते. उद्या येते. मी दार उघडते, तुम्ही ओरडा. आईनं शपथ घातली होती ना, मला कळलंय सगळं. बाबा, चुकलं माझं."

काही नाही. नुसता श्वास. पुष्कळ वेळ नुसता तो खरखरता श्वास. मी बोलत राहिले, रडत राहिले, टोमॅटोच्या पेट्या म्हणाले, हनुवटीचा व्रण म्हणाले, उघडलंय किती ओरडता म्हणाले. जे जे आमच्या दोघांचंच होतं ते सगळं म्हणाले.

मग बाबा अगदी हळू बोलले. "छान जमवलंस. सगळं बरोबर जमवलंस. सांगणार कोण, मीच मूर्ख. मीच एकेक करून यंत्रबाईला सांगितलं आणि तुम्ही तिकडून चोरलंत."

"बाबा, यंत्रबाई मीच आहे!"

"होय का? आता तेही?" आणि मग तो आवाज, जो त्यांनी जपून ठेवला होता, त्यातला थोडासा बाहेर आला. "माझ्या पोरीच्या आवाजाला हात लावू नका! ऐकलंत? बाकी काय न्यायचं ते न्या, तिच्या आवाजाला हात लावू नका!"

फोन बंद झाला. मी परत लावला. उचलला नाही. माझ्या स्वतःच्या फोनवरून लावला, घंटा वाजली, तुटली, आणि मग फोनच बंद. मीच शिकवलं होतं. पुन्हा आला तरी उचलू नका. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, पण या माणसाचं तोंड पोळण्याआधीच मी त्याला फुंकायला शिकवलं होतं. एकेक शब्द पाठ करून घेतला होता.

मधाचं बोट धावत आलं. "ताई, गाळणी बंद? आणि वैयक्तिक बोलणं? रजा हवी तर सोमवारपासून घ्या, आपण बघू." मी त्याच्याकडे बघितलं आणि हेडफोन काढून ठेवला. आमच्या गावाला जाणारी गाडी दिवसातून एकच, सकाळची. रात्रभर मी मावशीचा नंबर शोधत होते. तो माझ्याकडे नव्हता. गल्लीतल्या कुणाचाच नव्हता. त्या घराची सगळी नाती मी बाबांच्या एका नंबराला बांधून ठेवली होती.

बुधवारी दुपारी गल्लीत पोचले. धावत तिन्ही मजले चढले. दाराला कुलूप.

शिवणाऱ्या मावशीनं खालून हाक मारली. चष्मा कपाळावर, गळ्यात टेप. मला बघून तिनं तोंडावर हात ठेवला. "अगं पिपाणी! आणि आज आलीस? सकाळीच नेलं गं त्यांना. त्यांचा फोन बंद, म्हणून दवाखान्यानं माझ्या फोनवर कळवलं, आजची जागा रिकामी झालीय, लगेच या. उद्याचं होतं, ते आजच झालं." मग ती माझा हात धरून म्हणाली, "जाताना गल्लीच्या तोंडाशी थांबले होते. वर तुमच्या खिडकीकडे बघत. मला वाटलं, आता ओरडतात की काय. मी शिलाई मशिनसुद्धा थांबवली. पण नाही ओरडले. मान खाली घालून गाडीत बसले."

मी जिन्यातच बसले.

दवाखान्यात त्या दिवशी भेटू दिलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून मी मधाच्या बोटाला फोन केला. आमचे सगळे फोन साठवलेले असतात, बाबांचे सगळे तास तिथे होते. फेस, खोकला, हसणं, सगळं. म्हटलं, मला फक्त तेवढं द्या. नोकरी घ्या, पण तेवढं द्या. तो खरोखर हळहळला. म्हणाला, "ताई, तुम्ही उठून गेलात, तेव्हा तुमच्या उघड्या तक्रारी आम्हाला बंद कराव्या लागल्या. बंद झाली की साठवलेलं आपोआप पुसलं जातं. गिऱ्हाइकांच्या गुप्ततेसाठी असतं ते. मला माहीत असतं तर..." पुढचं मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सनं आत सोडलं. बाबा उशांना टेकून बसले होते. गळ्याला पट्ट्या, मध्ये एक नळी, तिच्यातून श्वासाचा शिट्टीसारखा बारीक आवाज. केवढे लहान दिसत होते! हातात दवाखान्यानं दिलेली बोलकी पाटी होती. तिच्यावर लिहिलं की ती बोलते.

त्यांनी मला बघितलं आणि बघतच राहिले. मग हात पुढे केला. मला वाटलं, डोक्यावर ठेवतील. त्यांनी माझी हनुवटी धरली, वर केली, आणि अंगठ्यानं तो जुना व्रण चाचपला. नीट, दोनदा. खात्री प्रत्यक्ष भेटूनच करा. मग त्यांचे डोळे भरून आले.

खात्री पटल्यावर ते पाटीवर लिहायला लागले. पाटी बोलली. मऊ, गुळगुळीत, कुठल्याच गावचा नसलेला आवाज. फक्त पुरुषाचा.

"मला फसवायला बघत होते. तुझ्या आवाजात फोन आला होता. हुबेहूब."

"मग?" मी म्हणाले.

"मी फसलो नाही."

"कसं ओळखलंत, बाबा?"

त्यांनी लिहायला वेळ घेतला. लिहिताना चेहऱ्यावर चक्क जुना तोरा आला होता, मोठा सौदा जिंकल्यावर यायचा तसा.

"ती रडत होती. म्हणाली, चुकलं माझं, मी येते. माझी पोर असं कधी म्हणायची नाही. तिथं चोर चुकला."

मी खिडकीकडे बघितलं. काय सांगणार होते? ती मीच होते, असं? म्हणजे त्यांना कळू दे, की त्यांनी जपलेला आवाज खर्च झाला तो खऱ्या पोरीवर, आणि तिलाच त्यांनी चोर म्हटलं? एवढी एकच जीत त्यांच्याकडे उरली होती. ती मी काढून घेतली नाही.

"शहाणे आहात तुम्ही," मी म्हटलं. "पण मी आले ना? म्हणते ना आता? चुकलं माझं."

त्यांनी मान हलवली, जाऊ दे म्हणून. मग परत लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. पाटी म्हणाली, "पण लगेच ठेवला नाही फोन. खोटी होती तरी थोडा वेळ ऐकत बसलो. आवाज तुझा होता ना."

मग मला धीर धरवेना. मी त्यांच्या पांघरुणात तोंड लपवून भोकाड पसरलं. पलीकडच्या खाटेवरचा माणूस जागा झाला. नर्स दारात आली. आमच्या घरात हळू रडायची पद्धतच नाही, काय करू? बाबांनी माझ्या पाठीवर थोपटलं. थोपटता थोपटता दुसऱ्या हातानं ते पाटीवर काहीतरी लिहीत होते, एकेक अक्षर शोधत.

पाटी बोलली. अगदी हळू, पुढच्या खाटेलाही ऐकू जाणार नाही इतक्या शहाण्या आवाजात.

"पिपाणी. दार उघड."

बाबा माझ्याकडे बघत होते. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, छाती भरून घेतलेली, अगदी फळीवर उभं असल्यासारखी. आणि नळीतून फक्त श्वास येत होता.

मी डोळे पुसले आणि होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढला.

"उघडलंय, बाबा! किती ओरडता!"